पांढऱ्या रोपाचे पालकत्व

पुण्याहून सोलापूरच्या वाटेने निघालेला मनुष्य पाटस मागे टाकून पुढे सरकला, की भीमेच्या पाण्यावर पोसलेली उसाची हिरवी पट्टी त्याच्या डाव्या हाताला हळूहळू दूर जाते आणि कुरकुंभचे शिवार लागता लागता जमिनीचा पोत, झाडांची ठेवण व वाऱ्याचा कोरडेपणा ही तिन्ही एकदमच पालटतात. फिरंगाई देवीच्या ठाण्यामुळे पंचक्रोशीत पूर्वापार परिचित असलेले हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे आणि तेथील रासायनिक कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी निसर्गाच्या दप्तरात त्याची नोंद अद्याप जुन्याच सदराखाली आहे; वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडणारा, आणि तोही लहरीने पडणारा पाऊस, थोडे खणले की लागणारा मुरूम आणि चैत्र-वैशाखात चाळिशी ओलांडणारा पारा, अशी या अवर्षणप्रवण मुलखाची कैफियत आहे. बांधावरचा शेर, ओढ्याकडेची घायपात आणि माळावर दगडांच्या आडोशाने वाढणारा निवडुंग यांना कोणी लावले, कोणी पाणी घातले, याची विचारपूस करण्याची तसदी येथे कोणी घेत नाही. आपल्या मांसल देहात पाण्याची बेगमी करून ही मंडळी मुकाट्याने उन्हाळा काढतात.

ज्या वनस्पतींना हल्ली नर्सरीवाल्यांपासून गृहिणींपर्यंत सर्वजण सरसकट ‘सक्युलंट’ म्हणतात, त्या याच गोताच्या. वसाहतीतील सदनिकांच्या सज्जांत, गावातल्या घरांच्या ओट्यांवर आणि क्वचित शाळांच्या पडव्यांतही आता त्यांच्या कुंड्या दिसू लागल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. कारण ज्या हवेत गुलाब जगवण्यासाठी रोज मिनतवारी करावी लागते, त्या हवेत या वनस्पती आपल्या माहेरी असतात. परंतु या लेखाचा विषय त्यांच्या सर्वसाधारण संगोपनाचा नाही. निवडुंगाचे, अडेनियमचे किंवा ड्रॅगनफ्रुटचे बी शेकड्याने पेरले असता हिरव्या रोपांच्या गर्दीत कधीतरी एखादे रोप दुधासारखे पांढरे, फिकट पिवळे किंवा गुलाबी उगवून येते. बहुतेक लोक ते रोगट समजून उपटून टाकतात, आणि जे टाकत नाहीत ते त्याचे कौतुक करता करताच काही आठवड्यांत त्याला मरताना पाहतात. हे रोप काय आहे, ते का मरते, आणि त्याला जगवायचे असेल तर घरच्या घरी काय तजवीज करावी लागते, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

ज्याला हा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचा असेल, त्याने दूर जाण्याचे कारण नाही. जून ते नोव्हेंबर या काळात आपल्या बाजारात ड्रॅगनफ्रुट मुबलक येते, आणि हे फळ निवडुंगाच्याच कुळातील एका वेलीचे आहे, ही गोष्ट ते खाणाऱ्यांपैकी अनेकांच्या ध्यानात नसते. त्याच्या एका फोडीतील गर पातळ फडक्यात घेऊन पाण्याखाली चोळला, म्हणजे तिळाहून बारीक, काळेभोर बी हाती लागते. ते सावलीत सुकवून, चाळलेल्या वाळूच्या व कोकोपीटच्या ओलसर मिश्रणावर नुसते भुरभुरावे, वर माती घालू नये, आणि ट्रेवर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक झाकून ऊन थेट लागणार नाही अशा उजेडात तो ठेवावा. आठवड्या-दीड आठवड्यात पृष्ठभाग हिरवा दिसू लागतो. भिंग घेऊन जवळून पाहिले, तर प्रत्येक रोपाला दोन जाडसर, रसरशीत बीजपत्रे दिसतात, आणि पुढे त्यांच्या बेचक्यातून मऊ लव ल्यालेला एक इवलासा कोंब डोके वर काढतो. ती लव म्हणजेच भावी काटे होत. या हिरव्या समुदायात एखादे रोप असे निघते, की त्याची बीजपत्रे मेणासारखी अर्धपारदर्शक असतात, देठाकडे किंचित गुलाबी झाक असते आणि उजेडासमोर धरल्यास त्याच्या आतील रसवाहिन्यांची बारीक रेघ स्पष्ट उमटते. त्याच्या ठायी रोगाचा डाग नसतो, ते सुकलेले नसते, कोमेजलेले नसते. पहिले काही दिवस तर ते आपल्या हिरव्या भावंडांच्या बरोबरीने वाढत असते. त्याला फक्त हरितद्रव्य नसते.

हरितद्रव्य नसणे म्हणजे काय, हे समजण्यास वनस्पतीचा संसार लक्षात घ्यावा लागतो. हवेतील कर्बवायू, मुळांनी आणलेले पाणी आणि सूर्याचा प्रकाश यांपासून साखर तयार करण्याचे कार्य पेशींतील ज्या सूक्ष्म कणांत चालते, त्या हरितलवकांत हरितद्रव्य असते. ते निर्माण करण्याच्या साखळीतील एखादा जरी दुवा उत्परिवर्तनाने निखळला, तरी पेशी जिवंत राहते, पण मिळवती राहत नाही. पांढरे रोप पहिले काही दिवस वाढते ते बियात मातृवृक्षाने साठवून ठेवलेल्या शिदोरीवर. आंब्याच्या किंवा फणसाच्या बियात ती शिदोरी मोठी असल्यामुळे पांढरे रोप बरेच दिवस तग धरते. निवडुंगाच्या कणभर बियात ती अल्प असल्यामुळे त्याचा अवधी थोडक्यात आटोपतो. शिवाय हरितद्रव्याच्या जोडीने असणारी पिवळी संरक्षक द्रव्येही ज्यांच्यात नसतात, त्या पेशींना प्रखर ऊन उपकारक होण्याऐवजी प्रत्यक्ष दाहकच ठरते, हे कुरकुंभच्या उन्हात बाग करणाऱ्याने विशेष ध्यानी धरावे.

हा दोष येतो कोठून, याचा शोध ज्या झाडावर प्रथम लागला ते आपल्या परसातील आहे. गुलबक्षीचे पांढऱ्या-हिरव्या पानांचे झाड घेऊन कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने जे प्रयोग केले, ते त्याने १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या झाडाला काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही पूर्ण पांढऱ्या आणि काही चितकबऱ्या होत्या. कोरेन्सला असे आढळले, की हिरव्या फांदीवरच्या फुलाचे बी हिरवी रोपे देते, पांढऱ्या फांदीवरचे बी केवळ पांढरी, म्हणजे मरणोन्मुख रोपे देते आणि चितकबऱ्या फांदीवरच्या बियांतून तिन्ही प्रकारची रोपे निघतात. आणि पराग कोणत्या फांदीवरून आणला, याने या निर्णयात तिळमात्र फरक पडत नाही. हरितलवकांना स्वतःचा म्हणून वेगळा वारसा असतो, आणि गुलबक्षीत तो पित्याकडून न येता केवळ मातेकडून येतो, असा याचा अर्थ. सर्वच पांढरेपणा या मार्गाने येतो असे मात्र नाही. पुष्कळदा दोष पेशीच्या केंद्रातील जनुकात असतो आणि तो सुप्त असल्यामुळे हिरव्या दिसणाऱ्या झाडातही पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो. असे झाड स्वतःच्याच परागाने फळले, तर त्याच्या संततीत सुमारे चौथाई रोपे पांढरी निघतात. म्हणून एखाद्या फळाच्या बियांत पांढरी रोपे वारंवार निघू लागली, तर त्या फळाचे झाड कोणते याची टिपणवहीत नोंद ठेवावी. पुढे तीच नोंद उपयोगी पडते.

तथापि प्रत्येक पिवळे-पांढरे रोप दुर्मीळ समजून त्याच्या भोवती आरास मांडण्यापूर्वी एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि ती दौंड तालुक्यातील शेतकऱ्याला शिकवण्याची गरज नाही. चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडली, की तो ‘ऊस केवडा पडला’ असे म्हणतो आणि हिराकशीची फवारणी करतो. चुन्याच्या आधिक्यामुळे जमिनीतील लोह पिकाला घेता येत नाही, आणि लोहावाचून हरितद्रव्य तयार होत नाही. लोह मिळताच पान पुन्हा हिरवे होते. कुंडीतील मुरमात चुनखडीचे खडे असले, किंवा विहिरीचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे घातले, तर सक्युलंटही असाच केवडा पडतो. ओळख सोपी आहे: केवडा एकाच रोपाला न गाठता शेजारच्या सर्वांना कमीअधिक गाठतो, कोवळ्या भागावर प्रथम दिसतो, त्याची कडा अस्पष्ट असते आणि औषधाने तो जातो. जन्मजात पांढरेपणा एखाद्या रोपालाच असतो, त्याची सीमारेषा रेखीव असते आणि कितीही खत घातले तरी तो बदलत नाही. लिंबाच्या रोपवाटिकांतून आढळणाऱ्या पांढऱ्या रोपांचे तिसरेच कारण असते. बियाच्या सालीवर वाढणाऱ्या अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचे विष त्या रोपांचे हरितद्रव्य नष्ट करते. कोरफडीच्या लहान रोपांवरचे पांढरे ठिपकेही या सदरात मोडत नाहीत. ते बाल्यावस्थेचे चिन्ह असून वयाबरोबर बहुधा मावळतात.

आता जगवण्याचा प्रश्न. जे रोप स्वतः मिळवू शकत नाही, त्याला मिळवत्या झाडाच्या पदरात घालणे, म्हणजेच कलम करणे, हा एकच उपाय आहे, आणि त्याचा आधुनिक इतिहास जपानात सुरू होतो. १९४१ मध्ये वातानाबे नावाच्या जपानी रोपवाटिकाकाराला जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या पॅराग्वेच्या निवडुंगाच्या सुमारे दहा हजार रोपांत हरितद्रव्य नसलेली दोन तांबडी रोपे दिसली. त्याने ती टाकून न देता दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर बांधली आणि ती जगली. हरितद्रव्याच्या अभावी एरवी झाकलेला तांबडा रंग त्यांच्यात उघडा पडला होता. बिटाच्या कंदाला जी द्रव्ये रंग देतात, त्यांच्याच जातीची द्रव्ये निवडुंगातही असतात. आज पुण्याच्या कोणत्याही नर्सरीत हिरव्या त्रिधारी दांड्यावर लाल, पिवळा किंवा नारिंगी चेंडू बसवलेला जो निवडुंग मिळतो, तो याच घराण्यातला. त्याला ‘हिबोटान’ किंवा ‘मून कॅक्टस’ म्हणतात, आणि दक्षिण कोरियाने तर त्याच्या निर्यातीचा मोठा व्यापार उभारला आहे. तो त्रिधारी दांडा कशाचा, असे विचारले तर उत्तर ऐकून आपला शेतकरी चकित होईल: तो बहुधा ड्रॅगनफ्रुटचाच असतो.

आणि या ठिकाणी कुरकुंभचे भौगोलिक स्थान उपकारक ठरते. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था ही अवर्षण, खडकाळ जमीन आणि उष्णता यांना तोंड देणाऱ्या पिकांचा अभ्यास करते, आणि ड्रॅगनफ्रुट हा तिच्या संशोधनातील एक प्रमुख विषय आहे. दौंड, इंदापूर, बारामती आणि त्यांपलीकडे सोलापूर-सांगलीपर्यंत सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या या वेलीचे मळे आता ठिकठिकाणी दिसतात. हंगाम सरल्यावर या वेलींची छाटणी होते आणि छाटलेल्या फांद्यांचा ढीग बांधावर पडतो. मागितला तर कोणताही मळेवाला दोन-चार तुकडे आनंदाने देईल. म्हणजे बी त्याच फळाचे आणि खुंटही त्याच वेलीचा. पांढऱ्या रोपाला लागणारी सर्व सामग्री एका कोसाच्या आत उपलब्ध असणारे प्रदेश फार थोडे असतील, आणि आपला त्यांतला एक आहे.

येथे क्रम महत्त्वाचा आहे आणि नवखा मनुष्य नेमका तोच उलटा धरतो. बी पेरून, पांढरे रोप दिसल्यावर मग खुंट शोधायला निघावे, तर खुंट मुळावर येईपर्यंत रोप संपलेले असते. म्हणून छाटणीतील वीतभर लांबीचे, निरोगी, त्रिधारी तुकडे घेऊन त्यांची कापलेली बाजू आठवडाभर सावलीत सुकू द्यावी, नंतर ते निचऱ्याच्या मातीत दोन बोटे खोल रोवावेत, आणि ते रुजून शेंड्याला नवी, कोवळी, तजेलदार वाढ दिसू लागल्यावरच बियांचा ट्रे मांडावा. ज्याच्या आधारावर परावलंबी जीव जगायचा, तो आधार त्या जिवाच्या जन्माआधी सिद्ध असला पाहिजे.

कलमाची कृती लहान आहे, पण ती घाईने होत नाही. नवे दाढीचे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे. बोथट पात्याने पेशी चिरडतात आणि चिरडलेली पेशी जुळत नाही. खुंटाचा शेंडा जेथे कोवळा पण भरीव असेल, तेथे आडवा काप घ्यावा; मध्यभागी फिकट रंगाचे एक लहान वर्तुळ स्पष्ट दिसते, ते रसवाहिन्यांचे कडे होय. खुंटाच्या तीन धारांच्या कडा किंचित उतरत्या तासाव्यात, नाहीतर सुकताना मध्यभाग खोल जाऊन वरचे रोप सुटते. नंतर कापावर आणखी एक कागदासारखी पातळ चकती कापून ती तशीच वर राहू द्यावी, म्हणजे रोप तयार होईपर्यंत काप ओला राहतो. पांढरे रोप चिमट्याने अलगद उचलावे, बीजपत्रांच्या थोडे खाली एका ओढीत कापावे, खुंटावरची चकती दूर करावी आणि रोप बरोबर मध्यभागी न ठेवता त्या वर्तुळाच्या रेषेवर ठेवावे. रोपाचे स्वतःचे रसवाहिन्यांचे कडे टाचणीच्या टोकाएवढे असते. ते खुंटाच्या कड्याला कोठेतरी ओलांडून गेले पाहिजे, कारण जेथे दोन कडी परस्परांना छेदतात तेथूनच रसाचा मार्ग खुला होतो. इतक्या लहान रोपाला दोरा किंवा रबर लागत नाही, स्वतःच्या रसानेच ते चिकटून बसते. मोठ्या गड्ड्याचे कलम असेल तर मात्र कुंडीच्या तळाखालून रबर घेऊन हलका दाब द्यावा लागतो. त्यावर काचेचा पेला उपडा ठेवून कुंडी सावलीत ठेवावी आणि कापावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. चार-पाच दिवसांनी रोप फुगीर, तकतकीत दिसले तर कलम लागले. सुरकुतले तर गेले. लागलेले कलम हळूहळू, रोज थोडा अधिक वेळ, उघड्या हवेत आणावे.

कलम लागल्यानंतर एक चूक सर्रास होते. वरचे रंगीत डोके सुंदर दिसते म्हणून ती कुंडी लोक दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मांडतात, आणि पोसणारा हिरवा दांडा उजेडावाचून खंगत जातो हे त्यांच्या लक्षात येत नाही. दोन जिवांचे अन्न एकट्याने शिजवणाऱ्या खुंटाला भरपूर उजेड हवा. फक्त वैशाखातील दुपारचे ऊन टाळावे, आणि त्यासाठी निम्मा प्रकाश अडवणारी हिरवी शेडनेट पुरेशी आहे. खुंटाला बाजूने फुटणारे कोंब मात्र वेळीच खुडावेत, नाहीतर सर्व जोर त्यांच्याकडे जातो. अशी कलमे चिरायू नसतात. काही वर्षांत खुंट थकतो किंवा सडतो. परंतु तोवर रंगीत डोक्याच्या अंगावर लहान पिल्ले फुटलेली असतात, आणि ती नव्या खुंटांवर बांधून ते घराणे पुढे चालू ठेवता येते.

कलमाचा हा मार्ग सर्वांना मोकळा नाही. जातभाईवरच जातभाई बसतो: निवडुंगावर निवडुंग, अडेनियमवर अडेनियम, आणि चीक असलेल्या युफोर्बियावर युफोर्बिया. आपल्या कुंपणातला वई निवडुंग, जो फड्या निवडुंगाप्रमाणे अमेरिकेतून आलेला नसून युफोर्बिया कुळातला आहे, तो ‘व्हाइट घोस्ट’ नावाच्या जवळजवळ पांढऱ्या युफोर्बियासाठी खुंट म्हणून उत्तम चालतो. मात्र त्याचा चीक डोळ्यात गेल्यास भयंकर इजा होते, म्हणून हातमोजे आणि चष्मा यांवाचून त्याला पाते लावू नये आणि हे काम मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. कोरफड, हावर्थिया आणि घायपात या एकदल वनस्पती. त्यांच्या देहात रसवाहिन्यांचे सलग कडे नसते, त्या विखुरलेल्या असतात, आणि नव्या पेशी देऊन जोड सांधणारा थरही नसतो. म्हणून त्यांचे कलम होत नाही. हावर्थियाच्या चितकबऱ्या झाडाला पूर्ण पांढरे पिल्लू फुटले, तर ते आईच्या मुळाशी जोडलेले राहील तोवरच जगेल. ते विकण्याच्या मोहाने तोडणे म्हणजे त्याला मारणेच होय.

यामुळेच, माझ्या मते, पूर्ण पांढऱ्या रोपापेक्षा अर्धे पांढरे रोप अधिक मोलाचे. ते स्वतःच्या मुळावर उभे राहते, मंद गतीने का होईना स्वतः मिळवते, आणि त्याच्या रंगसंगतीत वर्षावर्षाला नवी रचना उमटते. अशा रोपाच्या अंगात हिरव्या आणि पांढऱ्या अशा दोन वंशांच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. पांढरी पट्टी शेंड्याच्या कोणत्या थरात आहे, यावर तिचे स्थैर्य अवलंबून असते. पिवळ्या काठाचा स्नेक प्लान्ट पुष्कळांच्या घरी असतो. त्याच्या पानाचे तुकडे करून लावले, तर नवी रोपे येतात ती निखळ हिरव्या काठाची, कारण नवा कोंब पानाच्या आतल्या थरातून फुटतो आणि पिवळा वंश मागे राहून जातो. तोच काठ टिकवायचा असेल तर कंदासकट पिल्लू वेगळे केले पाहिजे. पिवळ्या काठाच्या घायपातीचा काठही पिल्लानेच टिकतो. अडेनियमच्या किंवा निवडुंगाच्या चितकबऱ्या रोपावर पूर्ण हिरवा कोंब आला, तर तो जोमाने वाढून सर्व झाड काबीज करतो. मनाला बरे वाटले नाही तरी तो तळापासून काढावा. पूर्ण पांढरा कोंब आला, तर तो राहू द्यावा, पण त्यांची संख्या वाढू देऊ नये.

पानफुटीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण मांसल वनस्पतींच्या शास्त्रात तिला मानाचे स्थान आहे. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन याने १८१३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्र लिहून कळवले, की पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी कडवट. या वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारे बंद करून तो वापरतात, हे पुढे सिद्ध झाले. कोरड्या मुलखात पाणी न गमावता जगण्याची ती युक्ती आहे. याच पानफुटीच्या गोतातील ‘पिंक बटरफ्लाइज’ या जातीच्या पानांच्या कडांवर गुलाबी फुलपाखरांसारखी असंख्य पिल्ले बसतात. हिरव्या जातीची अशी पिल्ले मातीत पडताच रुजतात. ही गुलाबी पिल्ले पुरेशा हरितद्रव्याअभावी मातीत पडून मरतात. हे झाड वाढवायचे तर त्याच्या हिरवट खोडाचा तुकडाच लावला पाहिजे. पांढऱ्या रोपाचे परावलंबन मुलांना दाखवण्यास याहून सोपे आणि निरुपद्रवी उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या हवेसंबंधी थोडे व्यवहाराचे. पेरणीला पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि थंडी ओसरल्यानंतरचा फाल्गुन हे दोन काळ चांगले. मे महिन्यात झाकलेला ट्रे भट्टीसारखा तापतो. मातीत चाळलेला मुरूम, विटांचा चुरा, वाळू आणि थोडे जुने शेणखत असावे, आणि मुरमात चुनखडी आहे की काय हे पाहण्यासाठी त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत. फेस आला तर तो मुरूम वापरू नये. पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवावे आणि रोपांना तेच द्यावे. कोवळ्या रोपांचा मोठा शत्रू मर रोग; देठ पाण्यासारखे होऊन रोप आडवे पडू लागले, तर तेवढी जागा मातीसकट काढून टाकावी आणि झाकण उघडून हवा खेळू द्यावी. पेरणीपूर्वी मिश्रणाला उकळते पाणी देऊन ते निवू दिल्यास हा उपद्रव पुष्कळ कमी होतो. चितकबऱ्या रोपांना खत बेताचेच द्यावे. त्यांची कमाई कमी, म्हणून पाण्याची गरजही कमी असते, आणि हौसेने घातलेले जास्तीचे पाणी त्यांना उन्हाहून लवकर मारते.

बाजाराबद्दलही बोलले पाहिजे, कारण या विषयात अज्ञानाचा फायदा घेणारे बरेच आहेत. ‘रंगीबेरंगी निवडुंगाचे बी’ म्हणून विकली जाणारी पाकिटे घेऊ नयेत. लाल डोक्याचे निवडुंग बियापासून उगवले तरी स्वतःच्या मुळावर जगत नाहीत, हे वर आलेच आहे. काही झाडांवर चक्क रंग फवारलेला असतो, काहींवर कागदी फुले डिंकाने चिकटवलेली असतात, आणि काही शोभेच्या झाडांची गुलाबी पाने रसायनाच्या प्रभावाने तात्पुरती रंगवलेली असून नवी पाने हिरवीच येतात. खरेदी करणाऱ्याने शेंड्याची सर्वांत कोवळी वाढ पाहावी. तेथे रंग असेल तरच तो झाडाचा. ज्यांना अस्सल नमुने पाहायचे असतील, त्यांनी १८३० मध्ये स्थापन झालेल्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेतर्फे पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत भरवले जाणारे पुष्पप्रदर्शन अवश्य पाहावे.

शेवटी एक विनंती, आणि ती मी कळकळीने करतो. दुर्मीळाचा छंद जडला, की माणसाची नजर डोंगराकडे वळते. आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या डोंगरावर डालझेल या वनाधिकाऱ्याला शिंदळ माकुडी सापडली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याने तिचे शास्त्रीय नाव ठेवले आणि १८६५ च्या सुमारास ती जगापुढे आली. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांखेरीज ही मांसल वनस्पती जगात इतरत्र रानात उगवत नाही, आणि तिची संख्या थोडी आहे. शिवनेरीवर किंवा पुरंदरच्या परिसरात ती दिसली, तर तिच्या तांबड्या, ताऱ्यासारख्या फुलाचे दर्शन घ्यावे आणि पुढे जावे. तिचा तुकडाही आणू नये. ज्या कोणाला असामान्य रोप हवे असेल, त्याने येत्या हंगामात बाजारातून एक ड्रॅगनफ्रुट आणावे, मळेवाल्याकडून छाटणीतले चार तुकडे मागून घ्यावेत, आधी ते रुजवावेत, मग बी पेरावे आणि रोज सकाळी भिंग घेऊन त्या ट्रेसमोर बसावे. पांढरे रोप निघाले तर त्याच आठवड्यात कलम करावे, आणि नाही निघाले तर उगवलेली हिरवी रोपे शेजाऱ्यांना वाटून टाकावीत.